मेडिकलचं शिक्षण आणि एआय: वर्ध्यातल्या विद्यार्थ्याला उपयोग कुठे, धोका कुठे?

एआय डॉक्टरांची जागा घेणार का, या प्रश्नावर आतापर्यंत भरपूर चर्चा झाली आहे. आजच्या लेखात आपण त्याच्या एक पायरी आधीचा प्रश्न पाहू. डॉक्टर अजून घडतोय, आणि त्याच वेळी त्याच्या हातात चॅटबॉट आलाय. मग तो डॉक्टर घडणार कसा?

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, मूळचा वर्ध्याचा. माझी मावसबहीण एमबीबीएसला आहे. तिला रुग्णाशी बोलण्याचा सराव करता यावा म्हणून मी एक छोटं टूल बनवलं. ते बनवताना लॅंग्वेज मॉडेल कुठे कामाला येतं आणि कुठे दगा देतं, हे बऱ्यापैकी कळलं. त्यातलं तांत्रिक जेवढं सोपं करून सांगता येईल तेवढं सांगतो.

वर्ध्याचंच उदाहरण का?

कारण या छोट्या जिल्ह्यात मेडिकलचं शिक्षण दोन वेगळ्या वाटांनी वाढलंय. सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, म्हणजे १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नायर यांनी ती सुरू केली. देशातलं पहिलं ग्रामीण मेडिकल कॉलेज अशी तिची ओळख आहे. तिथून जवळच सावंगी (मेघे) इथे जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आणि आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. ते ज्या दत्ता मेघे अभिमत विद्यापीठाचा भाग आहे, तिथे आता इंजिनिअरिंगही शिकवतात. म्हणजे एआय शिकणारी मुलं आणि डॉक्टर होणारी मुलं एकाच विद्यापीठात!

सेवाग्रामची एक पद्धत मला या विषयासाठी फार महत्त्वाची वाटते. तिथली एमबीबीएसची प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते, तिथे शिबिराला राहते आणि विद्यार्थ्यांना काही कुटुंबं वाटून दिली जातात. नॅशनल मेडिकल कमिशनने २०२१-२२ च्या बॅचपासून ‘फॅमिली अ‍ॅडॉप्शन प्रोग्राम’ देशभर अभ्यासक्रमात आणला. सेवाग्रामच्या मुलांसाठी ती कल्पना कितीतरी जुनी होती. यामागचा विचार साधा आहे. रोग पुस्तकात असतो, पण रोगी घरात असतो. त्याच्या घरी जाऊन, ओसरीवर बसून, त्याच्या भाषेत त्याचं ऐकायला शिकणं हाच अभ्यासाचा भाग आहे.

आता नेमकं हेच काम, म्हणजे ऐकणं, विचारणं आणि नोंद करणं, चॅटबॉटवर ढकलता येतं. त्यामुळे वर्ध्यात हा प्रश्न मुंबई-पुण्यापेक्षा जास्त टोकदार होतो.

परीक्षा पास होणं आणि पेशंट पाहणं

२०२३ च्या सुरुवातीला एक अभ्यास खूप गाजला. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या लायसन्स परीक्षेचे प्रश्न चॅटजीपीटीला दिले, तर ते कोणत्याही खास तयारीशिवाय ६० टक्क्यांच्या, म्हणजे पास होण्याच्या रेषेपाशी पोहोचलं. त्याच वर्षी गूगलच्या मेड-पाम २ या मॉडेलने तशाच धर्तीच्या प्रश्नसंचात ८६.५ टक्के मिळवले. झालं, ‘एआय डॉक्टर झाला’ अशा बातम्या आल्या.

पण परीक्षेतला प्रश्न कसा असतो ते पहा. ‘४५ वर्षांचा शेतकरी, आठ दिवस ताप, डोकेदुखी, काखेत काळी खपली, प्लेटलेट कमी. निदान काय?’ इथे स्वयंपाक आधीच झालाय, फक्त वाढायचंय. ताप किती दिवसांचा हे कुणीतरी विचारलं, खपली कुणीतरी शोधली, आणि बिनकामाचं सगळं गाळून चार ओळी लिहिल्या. ओपीडीत या चार ओळी कुणी हातात देत नाही. त्या मिळवणं हीच तर डॉक्टरकी. जानेवारी २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलेल्या एका अभ्यासात हेच तपासलं होतं. तीच केस चार ओळींत न देता संवादातून काढायला लावली, तर मॉडेलची अचूकता चांगलीच घसरली.

उलट बाजूही बघू. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ५० डॉक्टरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीच्या साधनांसोबत जीपीटी-४ दिलं, निम्म्यांना फक्त नेहमीची साधनं. गुण पडले ७६ आणि ७४ टक्के, म्हणजे फरक नसल्यात जमा. गंमत म्हणजे एकट्या जीपीटी-४ ला त्याच लेखी केसेसमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास गुण होते. म्हणजे चांगलं साधन हातात दिलं की माणूस आपोआप हुशार होतो असं नाही. ते वापरायचं कसं, कधी ऐकायचं आणि कधी नाही, हे शिकावंच लागतं. आणि ते मेडिकल कॉलेजात शिकवलं नाही तर कुठे शिकवणार?

सराव करायला खोटा पेशंट

एआयचा मला सगळ्यात पटलेला उपयोग हा आहे.

कल्पना नवी नाही. १९६३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड बॅरोज नावाच्या न्यूरॉलॉजिस्टने निरोगी माणसाला रुग्णाचा अभिनय शिकवून विद्यार्थ्यांसमोर बसवलं. १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या डंडीमध्ये रोनाल्ड हार्डन यांनी ‘ऑस्की’ नावाची परीक्षापद्धत मांडली. त्यात विद्यार्थी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो आणि प्रत्येक ठिकाणी ठरलेलं काम करून दाखवतो. आपल्याकडेही ऑस्की आता रुळली आहे. अडचण एकच: अभिनय करणारी माणसं तयार करायला वेळ आणि पैसा लागतो. रात्री अकरा वाजता हॉस्टेलवर सराव करायचा तर कुणाला बोलावणार?

इथे लॅंग्वेज मॉडेल कामाला येतं. त्याला सांगायचं, तू रुग्ण आहेस, हा तुझा आजार, आता विद्यार्थी प्रश्न विचारेल. मी बहिणीसाठी स्क्रब टायफसची केस निवडली. हा आजार शेतात-गवतात असणाऱ्या बारीक माइटच्या पिल्लामुळे होतो. २०१८ मध्ये नागपूर आणि आसपासच्या भागात त्याची मोठी साथ आली होती. पावसाळ्यात आणि त्यानंतर तो वाढतो. डॉक्सिसायक्लिनसारखं स्वस्त औषध वेळेवर मिळालं तर रुग्ण लवकर सुधारतो. उशीर झाला तर फुप्फुस, किडनी, मेंदू कशावरही जाऊ शकतो. आणि निदानाची मोठी खूण असते ती माइट चावली तिथली काळी खपली. ती सगळ्यांना येत नाही. येते तेव्हा बहुतेकदा काख, जांघ, छातीखाली अशा झाकलेल्या जागी असते आणि दुखत नाही. म्हणजे रुग्ण स्वतःहून सांगणार नाही, डॉक्टरला शोधावी लागणार.

आता ही सगळी माहिती एका प्रॉम्प्टमध्ये दिली की काय होतं? ‘काय त्रास होतो?’ एवढं विचारताच आभासी मावशी ताप, डोकेदुखी, शेतात जाणं आणि काखेतली काळी खपली, सगळं एका दमात सांगून मोकळी! याचं कारण मॉडेलच्या घडणीत आहे. या मॉडेल्सना प्रशिक्षणात मदतीला तत्पर राहायला शिकवलेलं असतं. माहिती दडवणं त्यांच्या स्वभावात नाही. ‘विचारल्याशिवाय सांगू नकोस’ अशी ताकीद दिली तर थोडा फरक पडतो, पण दहा-बारा प्रश्नांनंतर पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

यावर उपाय प्रॉम्प्टमध्ये नाही, प्रोग्रॅममध्ये आहे. केसचे तीन कप्पे करायचे. पहिल्यात रुग्ण आपणहून जे सांगेल ते. दुसऱ्यात नेमकं विचारलं तरच सांगेल ते. तिसऱ्यात तपासणीतून दिसणाऱ्या गोष्टी. हा तिसरा कप्पा मॉडेलला द्यायचाच नाही! तो एका साध्या तक्त्यात ठेवायचा. विद्यार्थ्याने ‘तपासणी: काख’ असं टाइप केलं तरच प्रोग्रॅम त्या तक्त्यातून उत्तर काढून दाखवतो. मॉडेलला जे माहीतच नाही ते त्याच्या तोंडून निसटणार कसं? विद्यार्थ्याने शेवटपर्यंत काख आणि जांघ पाहिलीच नाही, तर अखेरच्या अहवालात तेवढीच एक ओळ येते: ‘काख, जांघ तपासली नाही.’

भाषेचाही प्रश्न होता. मॉडेलची मराठी म्हणजे वर्तमानपत्रातली मराठी. ‘मला गेल्या आठ दिवसांपासून तीव्र ज्वर आहे’ असं बोलणारी शेतमजूर बाई आर्वीत किंवा समुद्रपूरला मिळाली तर मला जरूर कळवा. म्हणून वऱ्हाडी बोलण्याचे बरेच नमुने आधी लिहून द्यावे लागले. मग संवाद असा झाला:

‘मावशी, काय त्रास होतो?’
‘ताप येते जी. आठ रोज झाले. डोकं तं असं ठणकते का विचारू नका.’
‘शेतात गेला होतात?’
‘मंग? निंदाले जातोच ना आम्ही. घरी बसून कसं भागन?’
‘अंगावर कुठे जखम, फोड?’
‘नाही बापा, कुठीसा दुखत नाही.’

शेवटचं उत्तर नीट वाचा. प्रश्न जखमेचा होता, उत्तर दुखण्याचं आलं. खरा रुग्ण असाच बोलतो. विद्यार्थी इथे ‘जखम नाही’ असं लिहून पुढे गेला, की केस हातची गेली. बहिणीने पहिल्यांदा तेच लिहिलं होतं. दुसऱ्या वेळी तिने आधी तपासायला घेतलं.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. खरी मावशी समोर असते तेव्हा पदर बाजूला करायला सांगण्याआधी पडदा ओढावा लागतो, नर्सला बोलवावं लागतं, का पाहायचंय ते समजावून सांगावं लागतं. तिचा संकोच कीबोर्डवर कळत नाही. या सरावाने प्रश्न विचारायची सवय लागते, हाताला सवय लागत नाही.

आणि गुण देण्याचं काम मॉडेलवर सोपवू नका. ते फार कौतुक करतं. ‘उत्कृष्ट इतिहास घेतलात!’ असं म्हणून वर तीन उद्गारचिन्हं. शिक्षकांनी आधी लिहिलेली यादी ठेवावी आणि कोणता मुद्दा विचारला, कोणता राहिला एवढंच मोजावं.

मॉडेल कुठल्या गावचं शिकून आलंय?

लॅंग्वेज मॉडेल पुढचा शब्द कोणता येण्याची शक्यता जास्त, याच्या हिशेबावर चालतं. तो हिशेब त्याने वाचलेल्या मजकुरातून येतो. हा मजकूर प्रामुख्याने इंग्रजी, आणि वैद्यकशास्त्रात बराचसा अमेरिकेचा-युरोपचा. म्हणून सिकलसेलची केस लिहायला सांगितली की रुग्ण हमखास आफ्रिकन-अमेरिकन निघतो. विदर्भात हा आजार आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या अनेक कुटुंबांत आहे, हे त्याला सांगावं लागतं.

साप चावल्याची केस घ्या. अमेरिकन पुस्तकात रॅटलस्नेक आणि त्याचं वेगळं अँटिव्हेनम. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर चालणारं एकच अँटिव्हेनम. आणि घोणस किंवा फुरसे चावल्यावर रक्त गोठतंय का, हे पाहायला मशीन लागत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २-३ मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी तिरपी करून पाहायचं. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही, कारण गोठण्याची क्रिया सुरू व्हायला काचेचा स्पर्श लागतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात पोस्टिंग असलेल्या इंटर्नला ही माहिती जीव वाचवणारी आहे. मोघम प्रश्न विचारला तर चॅटबॉट त्याला ही चाचणी सांगेलच असं नाही. मोठ्या हॉस्पिटलात होणाऱ्या चाचण्यांची लांब यादी मात्र देईल.

यावर एक बरा उपाय आहे. तंत्रज्ञानात त्याला रॅग म्हणतात, मी त्याला ‘आधी शोध, मग बोल’ म्हणतो. मॉडेलने आठवणीतून उत्तर द्यायचं नाही. आधी आपण दिलेल्या कागदपत्रांत संबंधित उतारा शोधायचा, त्यावरून उत्तर बनवायचं आणि उतारा सोबत दाखवायचा. गूगलचं नोटबुकएलएम याच तत्त्वावर चालतं. त्यात आयसीएमआरचे उपचार-आराखडे, राष्ट्रीय कार्यक्रमांच्या मार्गदर्शक पुस्तिका, आपल्या सरांच्या नोट्स टाकल्या की उत्तराचा पाया बदलतो. तरी दाखवलेला उतारा उघडून वाचायचा कंटाळा करू नका. उतारा एक आणि उत्तर भलतंच, असंही घडतं. औषधाचा डोस तर मूळ कागदावर पाहिल्याशिवाय वहीतसुद्धा उतरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘९० टक्के अचूक’ म्हणजे किती?

इंजिनिअरिंगच्या मुलांना हे गणित येतं, मेडिकलच्या मुलांना प्रिव्हेंटिव्ह मेडिसिनमध्ये शिकवतात, आणि दोघेही परीक्षेनंतर विसरतात. छातीच्या एक्स-रेवरून टीबीचा संशय सांगणारी सॉफ्टवेअर्स आता खूप वापरात आहेत. मुंबईची क्यूअर डॉट एआय ही त्यातली एक मोठी कंपनी. १५ वर्षांवरच्या लोकांच्या तपासणीसाठी अशी साधनं वापरायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली.

समजा (आकडे केवळ हिशेबासाठी घेतोय) एक साधन टीबीचे १०० पैकी ९० रुग्ण पकडतं आणि १०० निरोगी लोकांपैकी ९० जणांना बरोबर निरोगी म्हणतं. गावातल्या शिबिरात १,००० लोक तपासले आणि त्यात १० जणांना खरा आजार आहे. साधन त्यातले ९ पकडेल. पण उरलेल्या ९९० निरोगी लोकांपैकी ९९ जणांनाही संशयित म्हणेल. म्हणजे १०८ ‘पॉझिटिव्ह’मध्ये खरे रुग्ण फक्त ९, शंभरात जेमतेम ८. आता तेच साधन छातीच्या ओपीडीत न्या, जिथे १,००० पैकी ३०० जणांना आजार आहे. तिथे २७० खरे आणि ७० खोटे, म्हणजे शंभरात ७९ खरे. सॉफ्टवेअर तेच, एक्स-रे मशीन तेच, पण उत्तराचा अर्थ पार बदलला.

आंजीच्या शिबिरात बसलेल्या विद्यार्थ्याला हे माहीत नसेल तर तो लाल खूण पाहून एखाद्या घरात विनाकारण घबराट पसरवेल. खेड्यात ‘त्याला टीबी निघाला’ ही बातमी थुंकीचा रिपोर्ट येण्याआधी पसरते आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी मागे येत नाही. माझ्या मते एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला एआयबद्दल एकच गोष्ट शिकवायची झाली तर हे गणित शिकवावं. कोडिंग नाही आलं तरी चालेल.

लॉगबुक कोण लिहितंय?

२०१९ पासून आलेल्या नव्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला लॉगबुक आणि अनुभवलेखन करावं लागतं. आज काय पाहिलं, काय वाटलं, काय शिकलो. ‘दत्तक कुटुंबाच्या भेटीवर २०० शब्दांत अनुभव लिही’ असं चॅटबॉटला सांगितलं की सुबक मजकूर येतो. चुलीचा धूर, हातपंप, गरोदर सून, सगळं त्यात असतं. भेट मात्र झालेलीच नसते. त्या घरात खरोखर कुणी आजारी असेल तर ते कुणाला कळणार? म्हणून शिक्षकांनी लिखाण तपासण्यापेक्षा दोन मिनिटं तोंडी विचारावं: घरात शिरल्यावर उजवीकडे काय होतं? आजी कुठल्या गोळ्या घेतात, पाकीट पाहिलं का? एआयने लिहिलेलं ओळखणारी सॉफ्टवेअर्स घेऊ नका. ती निरपराध मुलालाही दोषी ठरवतात.

सवय मोडण्याचा धोका तर अनुभवी डॉक्टरांनाही आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पोलंडमधला एक अभ्यास आला. तिथल्या कोलोनोस्कोपी केंद्रांत एआय वापरायला सुरुवात झाल्यानंतर, एआयशिवाय केलेल्या तपासण्यांत मोठ्या आतड्यातल्या अ‍ॅडेनोमा गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आलं. त्या डॉक्टरांनी आधी हजारो तपासण्या केलेल्या होत्या. ज्याची नजर अजून तयारच व्हायचीय, त्याने आधी स्वतःचं निदान कागदावर लिहावं आणि मगच चॅटबॉट उघडावा. बहिणीच्या टूलमध्ये मी हे सक्तीचंच केलंय. स्वतःची तीन संभाव्य निदानं भरल्याशिवाय मॉडेलचं मत दिसत नाही.

रुग्णाची माहिती टाकताना

शेवटचा मुद्दा, आणि यात मी अजिबात सवलत देणार नाही. वॉर्डातल्या केसपेपरचा फोटो काढून चॅटबॉटवर टाकणं बंद करा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, त्याच वर्षीची आयसीएमआरची एआयविषयक नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत. पण कायदा बाजूला ठेवला तरी साधा व्यवहार बघा. ‘नाव काढून टाकलं’ म्हणजे ओळख पुसली असं शहरात कदाचित होईल. दीड हजार वस्तीच्या गावात ‘१९ वर्षांची, सिकलसेल, अमुक समाज, अंगणवाडीजवळ’ एवढं लिहिलं की नाव सांगायची गरज उरत नाही. त्या मुलीचं लग्न ठरायचं असतं. गाव, समाज, नेमकं वय, भरती झाल्याची तारीख हे सगळं काढा. वय ‘विशीच्या आत’ असं लिहा. फोटो तर नकोच, कारण फोटोच्या फाइलमध्ये जागा आणि वेळ लपलेली असू शकते.

त्यापेक्षा केस स्वतः रचा. तुमच्या विभागातल्या सरांना किंवा मॅडमना विचारून पाच काल्पनिक केसेस लिहून काढा: स्क्रब टायफस, सिकलसेलचा क्रायसिस, फवारणीतून झालेली विषबाधा, घोणसचा दंश, आणि खोकला लपवणारा टीबीचा रुग्ण. तीन कप्पे करा, तपासणीचा तक्ता वेगळा ठेवा. कोडिंग येत नसेल तर तक्ता मित्राच्या हातात द्या. तुम्ही चॅटबॉटला प्रश्न विचारा, आणि काख तपासायची म्हटलं की मित्र तक्ता पाहून सांगेल.